गोष्टीतील भूगोल आणि हातातील भूगोल : 'पॅडल-टू-द-सी' या बालकथेच्या निमित्ताने

१

बालवयात भूगोल कोणत्या वाटेने शिकवावा, हा प्रश्न शिक्षणशास्त्राचा म्हणून ओळखला जातो. परंतु त्याची एक बाजू भाषाशास्त्राचीही आहे. सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला न पाहिलेल्या प्रदेशाची ओळख प्रथम होते ती भाषेच्या द्वारे. नकाशा त्याच्यापुढे मागाहून येतो, आणि आल्यावरही तो वाचण्यासाठी मुलाला पुन्हा भाषेचाच आधार घ्यावा लागतो. म्हणून एखाद्या कथेच्या आधाराने भूगोल शिकविला जात असेल, तर त्या कथेतील कोणता भाषिक घटक भौगोलिक ज्ञान पोहोचवितो, हे पाहणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका प्रसिद्ध अमेरिकन बालकथेच्या आणि तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या अध्यापनपद्धतीच्या संदर्भात तपासावयाचा आहे.

मुलाला शाळेत न घालता पालकांनी घरीच शिकविणे, म्हणजे गृहशिक्षण, हे १९९३ पर्यंत अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत कायद्याने मान्य झाले. या घरांतून भूगोलाच्या अध्यापनाची जी एक रीत रूढ झाली, तिची दोन अंगे आहेत. पहिले, पाठ्यपुस्तकाच्या जागी कथापुस्तक; दुसरे, वाचनाच्या जोडीला हाताने करावयाचे काम. पहिल्या अंगाचे मूळ इंग्लंडमधील शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांच्या विचारात सापडते. १८८६ च्या 'होम एज्युकेशन' या ग्रंथापासून त्यांनी मुलांना सारांशवजा पाठांऐवजी जिवंत पुस्तके द्यावीत आणि ऐकलेले मुलाने स्वतःच्या शब्दांत परत सांगावे, असा आग्रह धरला. दुसऱ्या अंगात मातीचे उठावाचे नकाशे, पाण्याच्या पराती, रंगवावयाची मोठी चित्रे, लाकडाच्या वा सालीच्या होड्या अशा नाना गोष्टी येतात. अनेकदा चार-सहा कुटुंबे आठवड्यातून एकदा एकत्र जमतात आणि त्यांतील एक आई किंवा वडील सर्व मुलांचा मिळून भूगोलाचा वर्ग घेतात.

या रीतीचे कौतुक पुष्कळ झाले आहे, आणि तिची हेटाळणीही कमी झालेली नाही. कौतुक करणारे म्हणतात की, येथे मूल आनंदाने शिकते. हेटाळणी करणारे म्हणतात की, हा गोष्टींचा आणि कातरकामाचा तास असून त्यास भूगोल हे नाव उगाच दिले आहे. दोन्ही पक्ष मुख्य प्रश्नाला बगल देतात, असे मला वाटते. गोष्ट ऐकून झाल्यावर मूल भूमीविषयी कोणते नवे विधान करू शकते, आणि त्याच्या हातातील काम त्या विधानाला खरे-खोटे ठरवू शकते काय, हा तो प्रश्न होय.

२

कथा स्थळ कसे दाखविते, यावरून भूगोलकथांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात.

पहिल्या प्रकारात स्थळ हा एक बिंदू असतो. 'फाइव्ह इन अ रो' या जेन क्लेअर लँबर्ट यांच्या गृहशिक्षणाच्या अभ्यासक्रमात एकच चित्रकथा सलग पाच दिवस वाचावयाची आणि त्या कथेची एक लहान कागदी चकती जगाच्या नकाशावर योग्य जागी ठेवावयाची, अशी योजना आहे. त्यातील एक कथा मार्जरी फ्लॅक यांची 'द स्टोरी अबाउट पिंग' (१९३३) ही आहे. यांगत्से नदीवरील नावेत राहणाऱ्या एका बदकाच्या पिलाची ही गोष्ट. चकती चीनवर पडते. मुलाला 'ही गोष्ट येथली' एवढे कळते. हे ज्ञान अल्प असले तरी निरर्थक नाही. तथापि यांगत्से नदी कोठून येते व कोठे जाते, याविषयी चकती मूक असते.

दुसऱ्या प्रकारात स्थळ वरून दिसते. सेल्मा लागरलोफ यांनी स्वीडनच्या शिक्षकसंघटनेच्या विनंतीवरून शाळेसाठी लिहिलेले 'निल्स होल्गरसन'चे दोन भाग १९०६ व १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. हंसाच्या पाठीवर बसलेला निल्स खाली पाहतो आणि स्कोने प्रांताची शेते त्याला चौकटीच्या कापडासारखी दिसतात. येथे कथेनेच मुलाला नकाशाच्या उंचीवर नेऊन बसविले आहे.

तिसऱ्या प्रकारात स्थळ ही वाट असते, आणि 'पॅडल-टू-द-सी' हे या प्रकाराचे ठळक उदाहरण होय. होलिंग क्लॅन्सी होलिंग (१९००–१९७३) यांचे हे पुस्तक १९४१ साली प्रसिद्ध झाले आणि १९४२ मध्ये कॅल्डेकॉट सन्मानाच्या पुस्तकांत त्याची गणना झाली. कॅनडातील निपिगॉन प्रदेशात, सुपीरिअर सरोवराच्या उत्तरेस, एक मूळनिवासी मुलगा हिवाळ्यात लाकडाची फूटभर लांबीची होडी कोरतो. तीत वल्हे घेऊन बसलेली एक आकृती आहे. होडी उलटू नये म्हणून तो तिच्या तळात शिसे ओततो, मागे पत्र्याचे सुकाणू बसवितो, सापडेल त्याने पुन्हा पाण्यात सोडावी अशी विनंती तळावर कोरतो, आणि होडी उतारावरच्या बर्फात ठेवून देतो. बर्फ वितळते. होडी ओढ्यातून नदीत, नदीतून पाच महासरोवरांत, नायगाऱ्यावरून खाली, सेंट लॉरेन्स नदीतून अटलांटिकपर्यंत जाते. या प्रवासाला कित्येक ऋतू लागतात; मधूनमधून ती माणसांच्या हाती पडते आणि पुन्हा पाण्यात सुटते.

पुस्तकाची मांडणीही लक्षात घेण्याजोगी आहे. सत्तावीस लहान प्रकरणे. प्रत्येकात एका पानावर मजकूर व समोर रंगीत चित्र. आणि मजकुराच्या समासात बारीक रेखाटने व नकाशे. सरोवरांच्या आकारांना समासातच ओळखीची रूपे दिली आहेत : सुपीरिअरला लांडग्याचे डोके, ईरीला कोळशाचा खडा, ओंटारिओला गाजर. म्हणजे मजकूर पाण्याच्या पातळीवरून बोलतो आणि समास आकाशातून बोलतो. शार्लट लिंडे व विल्यम लबॉव्ह यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात न्यूयॉर्कमधील लोक आपापल्या घरांचे वर्णन कसे करतात हे तपासले होते. बहुतेकांनी घराचा आराखडा न सांगता ऐकणाऱ्याला दारातून आत नेऊन एकेक खोली दाखविली. स्थळाविषयी बोलताना माणसाचा स्वाभाविक कल वाटेकडे असतो, आराखड्याकडे नसतो, असा याचा अर्थ होतो. होलिंग यांनी हा कल मजकुरात मानला आणि त्याची उणीव समासात भरून काढली. पुस्तकाच्या यशाचे खरे कारण येथे आहे. म्हणून वर्गात केवळ मजकूर मोठ्याने वाचला जातो आणि समास शिक्षकाच्याच डोळ्यांपुढे राहतो, तेव्हा अर्धे पुस्तक मुलापर्यंत पोहोचत नाही.

३

आता कथेच्या भाषेकडे वळू. नावातच वल्हविण्याची क्रिया असलेली ही आकृती संपूर्ण कथेत एकदाही वल्हवीत नाही. पाणिनीय परंपरेत कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य हे मानले आहे. त्या कसोटीवर ही आकृती कर्ता ठरत नाही. तिला बर्फ सोडते, ओढा ओढतो, वारा ढकलतो, माणूस उचलतो. व्याकरणदृष्ट्या ती वाक्याच्या आरंभी असली तरी अर्थदृष्ट्या ती कर्म आहे. कथेचा खरा कर्ता उतार आहे. ही योजना भूगोलाच्या दृष्टीने फार मोलाची आहे; कारण बालकथेतील नायक सामान्यतः आपल्या इच्छेने कोठेही जाऊ शकतो, आणि म्हणून त्याच्या मार्गातून भूमीविषयी काहीच सिद्ध होत नाही. ही होडी मात्र स्वतःहून जाऊ शकत नसल्यामुळे तिची प्रत्येक हालचाल भूमीविषयीचे एक विधान होते.

मराठी वाचकाला हे अधिक सहज उमजावे. आपल्या भाषेत नदी 'वाहते' आणि हमालही ओझे 'वाहतो'. एकाच धातूत प्रवाह आणि वहन हे दोन्ही अर्थ नांदतात. आणि ही कथा नेमकी त्या दोन अर्थांच्या सांध्यावर उभी आहे. उताराचे ज्ञान क्रियापदात साठविण्याची सवयही आपल्याला आहे. आपण कोकणात 'उतरतो' आणि देशावर 'चढतो'. कोकणातील माणूस पठारावरच्या मुलखाला नुसते 'घाटावर' म्हणतो. सह्याद्रीचा उठाव न शिकताच तो या शब्दांतून मुलाच्या बोलण्यात आलेला असतो. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा जवळचा पश्चिम समुद्र सोडून पूर्वेकडे का जाते, हे ज्या मुलाला 'उतरणे' या शब्दाच्या साहाय्याने सांगता आले, त्याला जलविभाजक ही संज्ञा उद्या शिकविली तरी चालेल.

कथेच्या पहिल्याच पानावर आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे गृहशिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनी अवश्य पाहावे. सरोवरे उतारावर मांडलेल्या वाडग्यांसारखी असून वरच्यातले पाणी खालच्यात पडत समुद्रापर्यंत जाते, हे त्या मुलाला त्याच्या शाळेतील शिक्षकाने सांगितलेले आहे. घरी शिकणाऱ्या मुलांच्या या आवडत्या पुस्तकाचा आरंभ शाळेत ऐकलेल्या एका वाक्याने होतो! मुलगा ते वाक्य पाठ करून थांबत नाही. तो होडी कोरतो. होडी ही त्या वाक्याची परीक्षा आहे. वाक्य खोटे असते, तर होडी निपिगॉनच्याच एखाद्या डबक्यात अडकून पडली असती. हस्तकार्याचा आदर्श बाहेर शोधण्याचे कारण नाही. तो पुस्तकातच आहे. ज्या कृतीमुळे ऐकलेले विधान फसण्याची शक्यता निर्माण होते, ती कृती भूगोलाची. ज्या कृतीत फसण्यासारखे काही नाही, ती फार तर कलेची.

या कसोटीवर रूढ कामे तपासून पाहू. होडीचे चित्र रंगविणे, सरोवरांच्या आकारांत निळा रंग भरणे, होडीच्या नावाची पताका करणे ही कामे मुलांना प्रिय असतील. पण त्यांतून कथेतील एकाही विधानाची परीक्षा होत नाही. याउलट, शिसे न घातलेली आणि शिसे घातलेली अशा दोन होड्या परातीत सोडून कोणती उलटते ते पाहणे, हे साधे काम कथेतील एका क्रियेचे कारण उघड करते. मात्र लहान मुलांच्या हाती शिसे न देता मातीचा गोळा किंवा लोखंडी वायसर द्यावा, हे सांगावयास नकोच.

४

सर्वांत लोकप्रिय काम म्हणजे वाडग्यांचे. एका तिरक्या फळीवर पाच वाडगी मांडून वरच्या वाडग्यात पाणी ओततात आणि ते खाली पडत जाताना मुले पाहतात. कथेतील उपमेचे हे शब्दशः रूप होय. आणि उपमा शब्दशः घेतली की ती कोठे तुटते हे कळते, हाच तिचा मोठा लाभ.

सरोवरांच्या पाण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची अशी आहे : सुपीरिअर सुमारे १८३ मीटर, मिशिगन व ह्यूरन दोन्ही सुमारे १७६, ईरी सुमारे १७४, ओंटारिओ सुमारे ७५. हे आकडे मुलांपुढे मांडून प्रत्येक मीटरला एक मिलिमीटर या मापाने वाडगी लावावयास सांगितली, की फळी सरळ उतरत नाही हे त्यांच्या हातांनाच कळते. पहिल्या चार वाडग्यांत मिळून नऊ मिलिमीटरांचा फरक. आणि पाचवे एकदम दहा सेंटिमीटर खाली. त्या उडीतील जवळजवळ अर्धा वाटा एकट्या नायगाऱ्याचा आहे. शिवाय मिशिगन आणि ह्यूरन एकाच पातळीवर येतात. मॅकिनॉच्या सामुद्रधुनीने जोडलेली ती जलशास्त्राच्या दृष्टीने एकच सरोवर होत. पाच वाडग्यांची खरोखर चारच होतात. हे मुलाने स्वतः शोधले, तर त्याने पुस्तकाची दुरुस्ती केली असे होईल, आणि ते त्याला आयुष्यभर आठवेल.

उपमेत आणखी एक फसवणूक आहे. सुपीरिअरच्या पश्चिम टोकाच्या ड्यूलूथपासून अटलांटिकपर्यंतचा जलमार्ग सुमारे ३,७०० किलोमीटरांचा आहे. उभे व आडवे प्रमाण एकच ठेवून हा मार्ग दोन मीटर लांबीच्या परातीत बसविला, तर त्याच्या दोन टोकांतील चढउतार मिलिमीटरचा दहावा हिस्सा, म्हणजे कागदाच्या एका पानाच्या जाडीएवढा भरेल. फळी तिरकी केली नाही तर पाणी हलणार नाही, हे खरे. परंतु ती तिरकी करताना उंची हजारपटीने वाढविलेली आहे, हे मुलांना सांगितलेच पाहिजे. फळीच्या खाली कागदाचे एक पान सरकवून 'खरा उतार एवढाच' असे दाखविणे, हे कोणत्याही रंगीत प्रतिकृतीपेक्षा अधिक बोधप्रद ठरेल.

तिसरी गोष्ट काळाची. सुपीरिअर सरोवरातील पाणी पूर्ण बदलावयास सरासरीने सुमारे १९० वर्षे लागतात. उथळ ईरीला तीन वर्षांहून कमी. होडी मात्र काही वर्षांतच समुद्राला मिळते. याचा उलगडा असा की, होडीचा प्रवास हा पाण्याचा प्रवास नव्हे. ती पृष्ठावर तरंगते, तिला वारा लागतो, माणसे तिला पुढे नेतात. तिच्यासोबत निघालेले बर्फाचे पाणी बहुधा अजून सुपीरिअरमध्येच असेल. 'होडी पाण्याबरोबर जाते' या वाक्यातील 'बरोबर' हा शब्द येथे संशयास्पद होतो, आणि आठ वर्षांच्या मुलालाही तो संशय घेता येतो.

५

वाटेच्या कथेची एक अंगभूत मर्यादा असते. वाट एकच असते. भूमीत मात्र फाटे असतात. नायक एका फाट्याने गेला की दुसरा फाटा कथेतून नाहीसा होतो. हे फाटे परत उघडणे, हे शिक्षकाचे काम.

असे तीन फाटे येथे उदाहरणादाखल घेता येतील. पहिला शिकागोचा. शिकागो नदी पूर्वी मिशिगन सरोवरात पडत असे. १९०० साली कालवा खोदून तिचा प्रवाह उलटा फिरविण्यात आला. तेव्हापासून ती सरोवरातून निघते आणि तिचे पाणी इलिनॉय व मिसिसिपी नद्यांवाटे मेक्सिकोच्या आखातास मिळते. मिशिगन सरोवरात आलेली होडी त्या मुखाशी ओढली गेली असती, तर ती कोणत्या समुद्राला मिळाली असती? नकाशावर बोट ठेवून या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या मुलाने कथा पुन्हा सांगितलेली नसते. तिच्यातील नियम नव्या ठिकाणी लावलेला असतो.

दुसरा फाटा निपिगॉनचाच, आणि अधिक विलक्षण. पुस्तक निघाल्यानंतर दोनच वर्षांनी, १९४३ मध्ये, धरण बांधून ओगोकी नदीचे पाणी दक्षिणेकडे निपिगॉन सरोवरात वळविण्यात आले. ते पूर्वी आल्बनी नदीतून उत्तरेकडे जेम्स उपसागरास मिळत असे. म्हणजे ज्या पाणलोटाच्या रेषेवर कथेची सारी मदार आहे, ती रेषा माणसाने एका जागी ओलांडली. 'पाणी आपल्या मार्गाने जाते' हे बालकथेचे तत्त्व त्यानंतर पूर्वीइतके निरपवाद राहिले नाही.

तिसरा फाटा नायगाऱ्याजवळचा. होडी धबधब्यावरून पडते. जहाजे वेलंड कालव्यातून आठ बंदिस्त पायऱ्यांनी चढतात-उतरतात. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्सचा सागरी मार्ग खुला झाल्यापासून मोठी समुद्रगामी जहाजे सरोवरांच्या आतपर्यंत येऊ लागली. १९४१ च्या समासातील नकाशावर आजचे मूल जेव्हा हा मार्ग आखते, तेव्हा जुन्या पुस्तकातील भूगोल नेहमी दुरुस्त करावा लागतो, हेही त्याला कळते.

होलिंग यांच्या कथेवर बिल मेसन यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी १९६६ साली एक लघुपट केला. त्यात होडी कारखान्यांनी नासविलेल्या पाण्यातूनही जाते. पंचवीस वर्षांच्या अंतराने तीच वाट पुन्हा चालताना कलावंताला जे दिसले ते त्याने दाखविले. आणि १९७२ मध्ये अमेरिका व कॅनडा यांनी सरोवरांच्या पाण्याच्या गुणवत्तेविषयी करार केला, ही त्याच चिंतेची राजकीय बाजू होय. पुस्तक आणि लघुपट शेजारी ठेवून शिकविले, तर काळानुसार बदलणारा भूगोल हाती येतो. पुस्तकाला पवित्र वस्तू मानून त्याच्याभोवती केवळ सजावट केली, तर १९४१ चे सरोवरच मुलांच्या मनात कायमचे गोठून राहील.

६

येथवर वाटेचा विचार झाला. आता त्या वाटेच्या दुतर्फा असलेल्या क्षेत्राचा, आणि क्षेत्राला दिलेल्या नावांचा.

भाषेच्या अभ्यासकाला या पुस्तकातील नावे गप्प बसू देत नाहीत. 'सुपीरिअर' हे नाव इंग्रजी वाचणाऱ्या मुलाला 'श्रेष्ठ' असे ऐकू येते. मूळ फ्रेंच नावाचा अर्थ मात्र 'वरचे सरोवर' एवढाच. वाडग्यांची सारी उपमा या एका विशेषणात आधीच होती. भाषा बदलली आणि उतार गुणवाचक झाला. सू सेंट मरी या गावाच्या नावातील पहिला शब्द जुन्या फ्रेंचमध्ये उसळत्या पाण्याचा वाचक आहे. सुपीरिअर व ह्यूरन यांच्यातील सात मीटरांचा उतार त्यात नोंदला गेला आहे. 'मिशिगन' ओजिब्वे भाषेतील 'मोठे सरोवर' या अर्थाच्या शब्दापासून आले. 'ओंटारिओ' इरोक्वॉयन कुलातील भाषेतून आले. 'ह्यूरन' हे वेंडॅट लोकांना फ्रेंचांनी दिलेले नाव. पाच सरोवरांच्या नावांत तीन भाषाकुले आणि तीनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. लांडग्याचे डोके व गाजर या रूपांनी आकार लक्षात राहतात; पण येथे कोण राहत होते, हे फक्त नावे सांगतात.

आणि येथेच या सुंदर पुस्तकाची मोठी उणीव दिसून येते. होडी कोरणाऱ्या मुलाला नाव नाही. होडीला नाव आहे, सरोवरांना नावे आहेत. ज्याच्या बुद्धीतून हा प्रवास निघाला, तो मात्र केवळ 'इंडियन मुलगा' आहे. लेखकाच्या मनात तुच्छता नव्हती, हे पुस्तकाच्या प्रत्येक चित्रातून दिसते. मुलाचे कौशल्य आणि धीर यांविषयी त्याला आदरच आहे. परंतु आदर असूनही नाव राहून जाते, यातच त्या काळाची दृष्टी प्रकट होते. मूळनिवासी मुलांच्या शाळांचा खरा इतिहास कॅनडाच्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ च्या अहवालात मांडल्यानंतर पहिल्या पानावरील तो शाळेचा साधा उल्लेखही आज तितक्या निश्चिंतपणे वाचता येत नाही.

सुपीरिअरच्या उत्तर किनाऱ्याचा मुलूख १८५० च्या रॉबिन्सन-सुपीरिअर कराराखाली येतो. अनिशिनाबे प्रमुखांशी झालेल्या त्या करारात प्रदेशाची आतली सीमा ठरविली ती पाणलोटाच्या उंच रेषेने. ज्या रेषेच्या अलीकडचे बर्फ सुपीरिअरकडे आणि पलीकडचे हडसन उपसागराकडे वाहते, तीच करारातही सीमा झाली. करारान्वये द्यावयाची वार्षिक रक्कम १८७५ मध्ये माणशी ४ डॉलर झाली आणि पुढे तेथेच थांबली. ती न वाढविण्यात शासनाने कराराचा भंग केला, असा निर्णय कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली दिला. होडी कोणत्या उतारावर ठेवावी, हा कथेतील मुलाचा प्रश्न आणि आपली भूमी कोठपर्यंत, हा त्याच्या समाजाचा प्रश्न, या दोहोंचे उत्तर नकाशावरची एकच रेषा देते. मातीच्या नकाशावर ती रेषा मुलांनी बोटाने एकदा पाण्यासाठी आणि एकदा करारासाठी ओढावी. सात वर्षांच्या मुलाला न्यायालयाचा निर्णय समजावून सांगण्याची गरज नाही. पण रेषेच्या अलीकडे माणसे राहतात आणि त्यांना नावे आहेत, हे त्याला निश्चित सांगता येते. ते न सांगितल्यास कथेतला प्रदेश होडीसाठी मोकळा ठेवलेला रस्ता ठरतो.

७

शिक्षकाने या वर्गाचे फळ कशावरून ओळखावे? मेसन यांनी पुरस्कारिलेले पुनःकथन हे त्याचे उत्तम साधन आहे. फक्त ते भाषेच्या कानाने ऐकले पाहिजे. मूल कथा परत सांगताना घटनांना कोणत्या अव्ययांनी जोडते, याकडे लक्ष द्यावे. 'मग होडी नदीत गेली, मग सरोवरात गेली, मग धबधब्यावरून पडली' असे सांगणाऱ्या मुलाला क्रम कळला आहे. 'नदी उतारावर होती म्हणून होडी सरोवरात गेली' असे सांगणाऱ्याला कारण कळले आहे. आणि 'होडी डोंगराच्या पलीकडे ठेवली असती, तर ती उत्तरेला गेली असती' असे जे मूल म्हणते, त्याला भूगोल कळला आहे. कारण न घडलेल्या गोष्टीविषयी खरे बोलण्याइतकी भूमी त्याच्या मनात उभी राहिली आहे. 'मग'पासून 'म्हणून'पर्यंत आणि 'म्हणून'पासून 'तर'पर्यंतचा हा प्रवास हाच या वर्गाचा खरा अभ्यासक्रम मानावयास हरकत नाही.

यावरून हेटाळणी करणाऱ्यांनाही उत्तर मिळते. कथा ही भूगोलाची गोड गोळी नव्हे. योग्य कथेच्या वाक्यरचनेतच भूगोल असतो, आणि तो तेथून काढता येतो. मात्र कौतुक करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, तो आपोआप निघत नाही. गृहशिक्षणाच्या वर्गात शिक्षक हाच पालक असतो, परीक्षा नसते, शेजारच्या वर्गाशी तुलनाही नसते. मुलाच्या आनंदाकडे पाहून शिक्षणाची खात्री करून घेण्याचा मोह तेथे अधिक असतो. म्हणून हातातील प्रत्येक कामाला 'हे कोणत्या वाक्याची परीक्षा घेते?' हा प्रश्न विचारण्याची शिस्त तेथे शाळेपेक्षाही अधिक आवश्यक आहे.

'पॅडल-टू-द-सी' या पुस्तकात अशी परीक्षेला उतरणारी वाक्ये पानोपानी आहेत. काही परीक्षेत खरी ठरतात, वाडग्यांच्या उपमेसारखी काही अर्धीच ठरतात, आणि नाव नसलेल्या मुलाविषयीची काही अपुरी ठरतात. तिन्ही प्रकारची वाक्ये मुलांपुढे ठेवावीत. ज्या पुस्तकाशी असा वाद घालता येतो, तेच वर्गात वर्षानुवर्षे वाचण्यास योग्य. आणि त्या दृष्टीने, ८० वर्षे उलटून गेली तरी, होलिंग यांच्या या लहानशा ग्रंथाची उपयुक्तता कमी झाली आहे असे दिसत नाही.